अर्धा राहिलेला शाप

आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, आणि घंटेच्या जागी लिंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पहारीच्या टोकानं तो वाजवला की पत्र्यावरची कबुतरं एकदम उठायची, आणि त्यांच्या नखांचा खरखराट आत बसलेल्याला डोक्यावरून कुणी चालल्यासारखा ऐकू यायचा. देवळाला लागून मास्तरांच्या खोल्या होत्या. तिथं मी वाढले. राहुरीच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात, गावापासून थोडं बाजूला. 'बाजूला' हा शब्द मी जपून लिहिते आहे. गावानं आमच्या पणज्या-खापरपणज्यांना जिथं राहायला सांगितलं होतं, त्याच जागी पुढं देऊळ उभं राहिलं. वस्तीतली काही घरं नंतर बौद्ध झाली, काही ख्रिस्ती होती ती तशीच राहिली. पाणी मात्र सगळे एकाच आडावरून भरायचो.

आता मी फार लांब आहे. झाबुआकडं डोंगरात, सिस्टरांच्या वसतिगृहाच्या आवारातल्या एका खोलीत. मुलींना जेवू घालण्यात हयात गेली. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळं मोठ्या शब्दांची मला भीती वाटते, आणि हे प्रकरण नेमकं मोठ्या शब्दांचंच आहे. माझी भाची फोनवर म्हणते, "मावशे, कोन तुला फाशी देनार हाय? लिही की बिनधास्त." तिला काय सांगू? अजून मी गॅसचं बटण बंद केल्यावर परत जाऊन बघते, आणि बघून आल्यावर आपण नीट बघितलं का म्हणून पुन्हा जाते. चुकण्याचा हा धसका मला कुठं लागला, तेच लिहायला बसले आहे.

मास्तरबाबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्याकडं धर्म शिकवणाऱ्याला मास्तर म्हणतात. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, मिस्सा, म्हणजे मोठी उपासना, करायचे आणि धुरळा उडवत जायचे. बाकीचे रविवार मास्तरांचे. प्रार्थना, शिकवण, पोरांची पाठांतरं, मरणाऱ्याच्या उशाशी बसणं, नवरा-बायकोची भांडणं मिटवणं, सगळं त्यांच्याकडं. थोरली आई लवकर वारली, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते आमच्यात राहायचे. खरं म्हणजे खोल्या त्यांच्या, आम्हीच त्यांच्यात. माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यावर हंगामी कामाला होते आणि मोठ्या भावापुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मास्तरबाबा उंच, वाळके. अंगात कायम पांढरा सदरा. आवाज इतका मऊ की रागावले तरी समजूत काढल्यासारखे वाटायचे. जेवताना पहिला घास ते मला भरवायचे, मी सहावीत गेले तरी. हुलग्याच्या शेंगोळ्या त्यांना फार आवडायच्या. आई काटवटीत हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायची, हातावर एकेक शेंगोळं वळायची आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पातेलं रटरटायला लागलं की बाहेरच्या ओट्यावरून आवाज यायचा, "मार्थे, आईला इच्चार, कारखान्याचा भोंगा आज आपल्या घरात कसा वाजाया लागला?" आई पदरात हसायची. थोरल्या दिराशी ती थेट बोलत नसे. मला म्हणायची, "सांग त्यांना, भोंगा वाजला म्हंजी पाळी सुटली. हात धुऊन या म्हनावं." दोघंही एकमेकांचं सगळं ऐकत असायची, तरी मी मधे उभी राहून इकडचं तिकडं सांगायची. माझं बालपण असं निरोप पोचवण्यात गेलं.

आई मुळात आमच्या मंडळीतली नव्हती. तिचं माहेर नेवाशाकडं. आम्ही कॅथलिक, ती माणसं प्रोटेस्टंट. आमच्याकडं त्यांना नुसतं 'मिशनवाले' म्हणत. लग्न झालं तेव्हा ती आमच्यात आली. तिचा भाऊ, दानियलमामा, तिकडंच राहिला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. नखांत कायम ग्रीस, खांद्यावर चौकटीचा रुमाल, आणि आला की मास्तरबाबांची खोडी काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

"मास्तर, मी रोज पान्हा हातात धरतो, तरी एखादा बोल्ट उलटा आवळतोच. आन तुमचे पोपसाहेब कदीच चुकत न्हाईत?"

"चुकतात की," मास्तरबाबा म्हणायचे. "चष्मा कुटं ठिवला ते इसरतील. पाऊस येनार म्हनतील आन येनार न्हाई. तेबी मानूसच हायेत."

"मग मिटलं तर!"

"मिटलं न्हाई. सगळ्या मंडळीचे गुरू म्हनून, गादीवरनं, विश्वासाची न्हाईतर वागनुकीची गोष्ट ते कायमची बांधून देतात ना, तेवढ्यापुरतं देव त्यांना चुकू देत न्हाई. तेवढंच. ह्यात त्यांचा मोठेपना न्हाई दानियल, आपली सोय हाय. न्हाईतर आपन कुनाच्या भरवशावर मरायचं?"

ह्या शेवटच्या वाक्यावर मामासुद्धा चहाची बशी तोंडाला लावायचा. पुस्तकात ह्या न चुकण्याला अवघड शब्द होता, मास्तरबाबा साधं 'अचूकपण' म्हणायचे. पण वस्तीत ते अचूकपण गादीवर थांबत नव्हतं. पोप चुकत नाहीत, म्हणजे त्यांनी नेमलेले बिशप चुकत नाहीत, बिशपांनी धाडलेले फादर चुकत नाहीत, आणि फादरांनी ठेवलेले मास्तर तर नाहीच नाही. आडावर बायका म्हणायच्या, "मास्तर म्हनले का? मग पोपच म्हनले समज." एकीनं तर आपली म्हैस गाभण आहे का, हे त्यांना येऊन विचारलं. मास्तरबाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आगं बाई, ते माझ्यापरेंत येत न्हाई." ती म्हणाली, "बरं, नका सांगू," आणि ते मुद्दाम सांगत नाहीत असं समजून गेली.

आता शापाच्या रविवारचं सांगते. हे इतर कुठं होतं की नाही मला माहीत नाही. इथल्या सिस्टरांना विचारलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. संत योसेफाच्या मे महिन्यातल्या सणाआधीच्या रविवारी आमच्या देवळात शाप वाचले जायचे. मास्तरबाबांच्याही आधीच्या काळात एक दाढीवाले परदेशी फादर होते, त्यांनी सुरू केलेलं. जुन्या जुन्या धर्मपरिषदांमध्ये जगभरचे बिशप जमले आणि त्यांनी ठरवलं की अमुक गोष्ट जो नाकारील तो मंडळीबाहेर; ती कलमं. शब्द मला आता तंतोतंत आठवत नाहीत. संस्कार सात नाहीत असं जो म्हणेल. भाकर आणि द्राक्षरस यांत प्रभू खरोखर नाही असं जो म्हणेल. प्रत्येक कलमाच्या शेवटी मास्तरबाबा थांबायचे आणि आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "तो शापित असो." म्हटलं की एक खिडकी बंद. एकेका बाजूचा एकेक जण उठून झडप ओढायचा. वैशाखाच्या आसपासचे दिवस, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आणि आत कलमागणिक अंधार वाढत जायचा. हवा कोंडायची. घामाचा, तेलाचा, चटईचा वास यायचा. शेजारच्या बाईचं तोंड दिसेनासं व्हायचं, फक्त आवाज उरायचा. शेवटचं कलम अचूकपणाचं. पोपांचा असा निवाडा चुकू शकतो असं जो म्हणेल. त्याला खिडकी नव्हती, त्याला दार होतं, आणि ते शापाआधीच लागायचं. आणि दार लावायचं काम मास्तरांच्या घरच्या बाईचं. थोरली आई गेल्यापासून ते माझ्या आईकडं आलं. अंधार पूर्ण झाला, सगळ्यांनी शेवटचा शाप म्हटला की थोडा वेळ कुणी हलायचं नाही. बाहेर पडलेल्यांचं कसं होत असेल त्याचा विचार करायचा. मग आईनं दार उघडायचं.

मला त्या अंधाराची भीती वाटायचीच, पण त्याहून जास्त भीती माझ्या डोक्याची वाटायची. 'चुकत असतील' एवढाच विचार मनात आला तर? आणला नाही, आपोआप आला तर? तो येऊ नये म्हणून मी दात आवळून आमेन आमेन म्हणत बसायची, आणि तितका तो जवळ यायचा. मग वाटायचं, झालं, आपण आत बसलोय पण बाहेर आहोत, आणि हे कुणालाच दिसत नाही. आई दार लावून परत येऊन माझ्याजवळ बसायची तेव्हा तिचा हात बर्फासारखा असायचा. तिचं सगळं माहेर ती दरवर्षी स्वतःच्या हातानं बाहेर ठेवत होती. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की मामाला ती दरवर्षी सांगून पाठवते, सणाला सोमवारनंतर ये, आधी येऊ नको.

मी सहावीत असताना नवे फादर आले. शहरात शिकलेले, तरणे, स्वच्छ मराठी बोलणारे. सणाची तयारी बघायला ते ओट्यावर बसले, तेव्हा मास्तरबाबांनी कौतुकानं शापाच्या रविवारचं सांगितलं. फादरांनी हातातला कप खाली ठेवला.

"मास्तर, हे बंद करायचं. अलीकडची परिषद झाली ना, जगातले सगळे बिशप जमले होते. त्यांनी एकालाही शाप दिलेला नाही."

"मग आदीच्या परिषदा चुकल्या व्हय?"

"नाही, चुकल्या नाहीत."

"मग आमी चुकलो?"

"तसंही नाही हो. ती त्या काळची बोलण्याची रीत. शाप म्हणजे नरकात जा असं नव्हे. ही शिकवण आमची नाही, एवढाच अर्थ. आणि जी माणसं दुसऱ्या चर्चमध्ये जन्मली, तिथंच देवाला भजतात, त्यांच्यावर तर तो नाहीच."

"असं कलमात लिवलेलं न्हाई, फादर."

फादर हसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मास्तरबाबा मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. चाळीसभर वर्षं हा माणूस दरसाल उभा राहून ती कलमं म्हणत आला होता. पुस्तक लागत नसे. भाकरी समोर ठेवली तेव्हा मला म्हणाले, पण ते आईसाठी आणि अण्णांसाठी होतं, "फादर चांगले हायेत. पन फादर चुकू शकतात. परिषद न्हाई चुकत." अण्णा ताटात बघत राहिले.

त्या वर्षी माझा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, म्हणजे वेदीपुढं फादरांच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदा तोंडात घेणं. खरं म्हणजे तो आधीच व्हायचा, पण मधे फादर बदलले आणि लांबला. सणाच्या दिवशी, पांढरा फ्रॉक घालून, आईच्या पुढं उभं राहून मी तो घेणार होते. आणि शापाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, उन्हं कलता कलता, कुणाची तरी मोटारसायकल मागून घेऊन दानियलमामा दारात हजर. हँडलला पिशवी, पिशवीत फ्रॉक. "मापात बसतोय का बघाया नको? सोमवारी येऊन शिंप्याला कदी गाठनार?" मी उड्या मारत फ्रॉक अंगाला लावून बघत होते. आईच्या हातातलं शेंगोळं वळता वळता तुटलं.

जेवायला बसल्यावर मास्तरबाबा म्हणाले, "दानियल, सकाळी जरा राहुरीला जाऊन ये. जनरेटरचं बघून ठिव सनासाठी."

मामानं घास थांबवला. "रविवारी? दुकानं बंद असत्यात." मग त्याच्या लक्षात आलं. "आस्सं. उद्या आमचा नंबर हाय व्हय? मग कशाला जाऊ? बसतो की पायरीवर. कोर्टातबी आरोपीला समोर उभा करत्यात. ऐकू तरी द्या माझ्यावरचा शाप."

"तुझ्यावर न्हाई रे."

"मग कुनावर? नेवाशाच्या म्हशीवर?" तो हसला, पण कुणी हसेना तेव्हा गंभीर झाला. "मास्तर, एक बोलू? गावानं आपल्याला बाहेर ठिवलं, तवा त्येंच्याकडंबी कसलंतरी पुस्तक हुतंच. आन आता आपनच आपल्यात आत-बाहेर कराया लागलो."

मास्तरबाबांचा चेहरा पडला. आईनं पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, "मार्थे, मास्तरबाबांना सांग, उद्या दार लावायला दुसरं कुनी बगा म्हनावं."

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आईला सांग, दार मानसावर लावत न्हाईत. चुकीवर लावत्यात."

"सांग त्यांना, चूक पायरीवर येऊन बसत न्हाई. मानूस बसतंय."

मी एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते. माझ्या तोंडात घास तसाच होता.

"सांग आईला," मास्तरबाबांचा आवाज आणखीच मऊ झाला, आणि त्याचीच मला धडकी भरली, "शापाच्या बाजूनं जो उभा ऱ्हात न्हाई, तो शापिताच्या बाजूनं उभा ऱ्हायला. त्याला मग सनाला ख्रिस्तप्रसाद घेता यायचा न्हाई. तुझ्यासंगबी न्हाई. हे मी म्हनत न्हाई. कलम म्हनतंय."

आई उठली आणि ताटं गोळा करायला लागली. एवढ्यावर बोलणं संपलं.

सकाळी रूळ वाजला. मामा खरोखरच पायरीवर जाऊन बसला होता. लोक त्याला वळसा घालून आत येत होते. काही जण "काय पावनं?" म्हणून हसत होते, काही बघतच नव्हते. आई दाराशी तिच्या जागेवर बसली, मी तिच्यापुढं. कलमं सुरू झाली. पहिला शाप, पहिली झडप. दुसरा शाप. मला मागं वळून बघायची हिंमत नव्हती, पण उघड्या दारातून येणारा उजेड माझ्यासमोरच्या चटईवर पडला होता आणि त्यात मामाच्या डोक्याची सावली होती. खिडक्या बंद होत गेल्या तशी ती सावली गडद होत गेली. शेवटी आत उजेड म्हणजे तेवढाच एक पट्टा उरला, मधोमध मामाचं डोकं असलेला. मास्तरबाबांनी शेवटचं कलम सुरू केलं. त्यांचा आवाज कापत नव्हता. "...असं जो म्हणेल," म्हणून ते थांबले. आई उठली. तिच्या बांगड्या वाजल्या. पट्टा बारीक होत गेला, दोरीएवढा झाला, मिटला. आणि मग, आतून लाकडी आडणा सरकवल्याचा आवाज यायचा तिथं, बाहेरून कडी चढवल्याचा आवाज आला.

आईनं दार लावलं होतं, आणि ती बाहेर होती.

अंधारात सगळ्यांनी ते ऐकलं. आता आम्ही म्हणायचं होतं. इतकी वर्षं म्हणत आलो होतो, जीभ आपोआप वळायची. पण कुणी बोलेना. मी वाट बघत होते की कुणीतरी सुरुवात करील आणि मग थांबवता येणार नाही. कुठं तरी एक तान्हं मूल किरकिरलं आणि गप्प झालं. पत्र्यावर कबुतरं चालत होती. मास्तरबाबा एकटे ते तीन शब्द म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उकाड्यानं एका म्हातारीला धाप लागली, तसे ते वेदीवरून खाली उतरले, माणसांना चाचपत, कुणाच्या खांद्याला, कुणाच्या डोक्याला हात लावत दाराशी आले.

"सुवार्ता," ते म्हणाले. आईचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "दार उघड."

कडी लगेच निघाली. ती हातात धरूनच उभी असणार. उजेड एकदम आत घुसला, आणि मास्तरबाबांनी डोळ्यांवर हात धरला. लोक मान खाली घालून आईच्या आणि मामाच्या मधून घरी गेले.

मग सणापर्यंतचा आठवडा. मास्तरबाबा आईवर रागावले नाहीत. त्यांनी घरात कुणालाच काही म्हटलं नाही. फक्त एकदा अण्णांशी बोलताना मी ऐकलं, "वाक्य अर्धं ऱ्हायलं. शाप असा मधी लोंबकळत ऱ्हात न्हाई. तो कुनावर तरी पडनार." बस्स, एवढं मला पुरलं. मामा मांडवाच्या वाशावर चढला की मी खाली बांबू धरून उभी राहायची. आई स्टोव्हला पिन मारायला लागली की मी पाण्याचा तांब्या भरून जवळ आणायची. फ्रॉक खुंटीला टांगलेला होता, वाऱ्यानं हलला तरी दचकायची. जेवण जाईना. मास्तरबाबांच्या हे लक्षात आलं होतं, कारण ते घास भरवायला हात पुढं करायचे आणि माझ्याकडं बघून परत घ्यायचे.

सणाच्या आधी फादर येऊन गेले. बाहेर उभं राहून बोलले, मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते चिडले नव्हते, उलट काळजीत होते. "मास्तर, त्या बाईला कुणीही बाहेर काढलेलं नाही. ती येईल आणि ख्रिस्तप्रसाद घेईल. माझ्या शब्दावर."

"व्हय फादर. ती घेईल," मास्तरबाबा म्हणाले. "मी बी तेच ठरवलंय. मी कोन तिला आडवनारा?"

"मग झालं. सुटला प्रश्न."

"तिचा सुटला, फादर," ते म्हणाले. फादरांनी मोटारसायकलला किक मारली होती, त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

पुढचं सगळं आधी सांगून टाकते, कारण मला शेवट त्यावर करायचा नाही. मास्तरबाबा त्यानंतरही मास्तरच राहिले. रूळ वाजवायचे, पोरांना शिकवायचे. शाप पुन्हा कधी वाचले नाहीत. सातवीची परीक्षा झाल्यावर त्यांनीच सणाला आलेल्या सिस्टरांपुढं हात जोडले, "हिला लांब न्या. हिचं मन सारकं धसकतंय. हितं ऱ्हायली तर माझ्यावानी हुईल." अण्णांना माझी शाळा पुरी करायची होती, पण ते बोलले नाहीत. मी रडत आले इथं. आज वाटतं, त्यांनी मला त्या घरातून नाही, स्वतःच्या सावलीतून बाहेर काढलं. त्याबद्दल मी त्यांना रोजच्या प्रार्थनेत धरते. इथंही दारं आहेत, पण मी ज्या स्वयंपाकघरात राबले त्याला दारच नव्हतं, पोरी कुठूनही घुसायच्या. मास्तरबाबांच्या शेवटच्या दुखण्यात मी तिथं नव्हते. तेव्हा त्यांनी फादरांच्या हातून शेवटचा ख्रिस्तप्रसाद घेतला की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि मला कोणतं खरं ते ठरवायचं नाही.

सणाची सकाळ. मांडव, पताका, जनरेटरची घरघर, मागं कढईत बुंदी पडत होती. देवळाच्या सगळ्या खिडक्या उघड्या, दार सताड उघडं. मामा पायरीवरच बसला होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, हितनं समदं दिसतंय. मी फ्रॉक घालून रांगेत पहिली. फादरांच्या शेजारी मास्तरबाबा पितळेची तबकडी घेऊन उभे होते, ख्रिस्तप्रसाद देताना हनुवटीखाली धरायची ती. माझ्या हनुवटीखाली त्यांनी ती धरली आणि माझ्याकडं बघून अगदी थोडं हसले. मी बाजूला झाले. माझ्यामागं आई. सगळं देऊळ बघत होतं. आईनं मान वर केली, पदर थोडा मागं सरला. मास्तरबाबांनी तबकडी पुढं केली. तबकडी आईच्या मण्यांवर टकटक वाजली, पण त्यांनी ती मागं घेतली नाही. आईनं ख्रिस्तप्रसाद घेतला. झालं, मला वाटलं, शाप कुठंच पडला नाही.

सगळ्यांचं झाल्यावर शेवटी मास्तरांनी घ्यायचा, अशी रीत. फादरांनी त्यांच्यासमोर हात धरला आणि म्हटलं, "ख्रिस्ताचं शरीर." मास्तरबाबांनी आमेन म्हटलं नाही. ओठ मिटलेले. फादरांनी पुन्हा म्हटलं, हळू आवाजात, विनवल्यासारखं. मास्तरबाबांनी नकारार्थी मान हलवली, तबकडी वेदीच्या कोपऱ्यावर नीट ठेवली, फडक्यानं पुसलीसुद्धा, आणि मधल्या वाटेनं दाराकडं चालू लागले. आई माझ्याजवळ गुडघ्यांवर होती. तो अर्धा शाप त्यांनी स्वतःवर घेतला, हे तिला कळलं. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला, पण तोंडात ख्रिस्तप्रसाद होता, तिला बोलता येईना. मलाही.

दारातून मास्तरबाबा बाहेर गेले आणि पायरीशी थांबले. मामा वर बघत म्हणाला, "काय ओ मास्तर, चक्कर आली का काय?"

"न्हाई," ते म्हणाले. "सरक जरा."

मामा सरकला, आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं शेजारची धूळ झटकली.